अम्माऊस नेमके कोठे? : बायबलच्या डिजिटल नकाशांविषयी थोडेसे

कोणताही जुना ग्रंथ वाचताना त्यातील माणसे आपण लक्षात ठेवतो. गावांची नावे मात्र डोळ्यांखालून तशीच जाऊ देतो. बायबलच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. यरुशलेम, बेथलेहेम, नासरेथ ही चार-दोन नावे सोडली, तर बाकीची शेकडो गावे, डोंगर, नद्या आणि वाटा आपल्या लेखी केवळ अवघड उच्चारांचे शब्द असतात. वास्तविक ख्रिस्ती वाचकाखेरीज इतरांचाही ह्या नावांशी वरचेवर संबंध येतो. इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला मिल्टन वाचताना ती भेटतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला रोमन साम्राज्य, क्रुसेडची युद्धे आणि आजचा पश्चिम आशिया अभ्यासताना ती टाळता येत नाहीत.

बायबलच्या छापील प्रतीच्या शेवटी चार-सहा रंगीत नकाशे असत आणि बहुतेक वाचक ते एकदा पाहून मिटून ठेवीत. आज तेच नकाशे संगणकावर आणि मोबाइलवर आले आहेत. अध्याय उघडावा, गावाच्या नावावर बोट टेकावे, की क्षणात नकाशा उघडतो व त्या जागी टाचणी रोवलेली दिसते. ही सोय फार मोठी आहे. परंतु तिच्याबरोबर एक धोकाही आला आहे. चांगल्या छापील नकाशात ज्या गावाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह असे, त्याच गावावर पडद्यावर ठसठशीत लाल टाचणी दिसते. प्रश्नचिन्ह मध्येच कोठेतरी गळून पडलेले असते. हे नकाशे कसे तयार झाले, ते संगणकावर व मोबाइलवर कसे वापरावेत, आणि त्या टाचणीवर किती विश्वास ठेवावा, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

टाचणीची पूर्वपीठिका

बायबलमधील गावे शोधण्याचा उद्योग संगणकाच्या फार पूर्वीचा आहे. इ. स.च्या ४थ्या शतकाच्या आरंभी कैसरियाचा बिशप युसीबियस ह्याने बायबलमधील स्थळनामांची ग्रीक भाषेत एक सूची केली. तीत सुमारे हजार नोंदी आहेत. अमुक गाव तमुक शहरापासून इतक्या रोमन मैलांवर आहे, अशा पद्धतीने तो माहिती देतो. त्याच शतकाच्या अखेरीस जेरोमने तिचे लॅटिन भाषांतर केले. पुढे ६व्या शतकात आजच्या जॉर्डनमधील मादाबा येथील चर्चच्या जमिनीवर रंगीत दगडी तुकड्यांचा एक भव्य नकाशा जडविण्यात आला. त्यात वरची बाजू उत्तर नसून पूर्व आहे. नकाशाची वरची दिशा उत्तरच असली पाहिजे असे समजणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढी एक गोष्ट जरूर ध्यानात घ्यावी.

आधुनिक शोधाचा आरंभ १८३८ साली झाला. एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन हिब्रूपंडित आणि अरबी उत्तम जाणणारा त्याचा सहप्रवासी ईलाय स्मिथ हे दोघे पॅलेस्टाइनमधून हिंडले. त्यांची युक्ती साधी होती. भाषा बदलली, राज्ये बदलली, तरी गावकऱ्यांच्या तोंडी जुने नाव थोडेफार टिकून राहते. 'अनाता' ह्या अरबी नावात 'अनाथोथ', 'मुखमास'मध्ये 'मिखमाश' आणि 'बेतीन'मध्ये 'बेथेल' दडलेले असावे, असा त्यांनी तर्क केला. १८४१ साली रॉबिन्सनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि एका नव्या अभ्यासशाखेचा पाया घातला गेला.

त्यानंतर आली मोजणी. १८६५ साली लंडनमध्ये 'पॅलेस्टाइन एक्स्प्लोरेशन फंड' ही संस्था स्थापन झाली. तिच्या वतीने १८७१ ते १८७७ ह्या काळात पश्चिम पॅलेस्टाइनची शास्त्रशुद्ध पाहणी झाली व १८८० साली एका मैलास एक इंच ह्या प्रमाणाचे २६ नकाशे प्रसिद्ध झाले. ह्या कामात काँडर नावाच्या अधिकाऱ्याबरोबर एक तरुण लेफ्टनंट होता. तोच पुढे १९०२ ते १९०९ ह्या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती झालेला लॉर्ड किचनेर. ही पाहणी लष्करी इंजिनियरांनी केली होती, हे विसरून चालणार नाही. धर्मग्रंथाची भूमी आणि सैन्याच्या हालचालीची भूमी ह्या एकाच कागदावर आल्या. आजच्या डिजिटल नकाशांत त्या २६ पत्रकांचा वारसा आहे. काही ठिकाणी तर ती पत्रकेच आजच्या उपग्रहचित्रावर पसरून पाहता येतात.

एखाद्या जागेला बायबलमधील नाव देताना विद्वान तीन साक्षीदार बोलावतात : ग्रंथातील वर्णन, टिकून राहिलेले नाव आणि कुदळीला सापडलेला पुरावा. तिन्ही साक्षी जुळल्याचे चांगले उदाहरण म्हणजे गिबोन. यरुशलेमच्या वायव्येस सुमारे दहा किलोमीटरवर 'अल्-जीब' नावाचे गाव आहे. ग्रंथातील वर्णन त्याला लागू पडत होते आणि नावातही साम्य होते. १९५६ ते १९६२ ह्या काळात जेम्स प्रिचर्ड ह्यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा खुद्द 'गिबोन' हे नाव कोरलेले मडक्यांचे कान सापडले. येथे टाचणी निःशंकपणे रोवावी. पण असा योग दुर्मिळ असतो.

पडद्यामागे काय असते?

डिजिटल नकाशासंग्रह म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींचा मिलाफ होय. पहिली म्हणजे पार्श्वभूमीचे चित्र. हे चित्र फरश्यांसारख्या लहान लहान चौकोनांचे बनलेले असते. सर्वांत लांबून पाहिले तर सारे जग एका चौकोनात मावते. एक पायरी जवळ गेले की चार चौकोन, आणखी एक पायरी गेले की सोळा. अशा रीतीने पंधराव्या पायरीला साऱ्या जगाचे १०७ कोटींहून अधिक चौकोन होतात. मोबाइलवर नकाशा 'उतरवून ठेवताना' फार जवळचा तपशील मागितला, तर जागा का भरते, ह्याचे कारण हे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे स्थळसूची. युसीबियसच्या सूचीचीच ही नवी आवृत्ती होय. तीत गावाचे नाव, ते ज्या वचनात आले ते संदर्भ, आणि अक्षांश-रेखांश असे रकाने असतात. आपण नावावर बोट टेकतो तेव्हा संगणक ह्या सूचीतील आकडे वाचतो आणि त्या जागी टाचणी काढतो. चित्र कितीही सुरेख असले, तरी टाचणीची योग्यता सूचीतील त्या एका ओळीइतकीच असते.

अशा साधनांचे दोन वर्ग पडतात. लोगोस, ॲकॉर्डन्स ह्यांसारख्या बायबल-अभ्यासाच्या मोठ्या संगणकप्रणालींत नकाशे ग्रंथाला जोडलेले असतात. वचन, शब्दकोश, भाष्य आणि नकाशा ही सर्व एकमेकांशेजारी उघडता येतात. त्यांतील बराच भाग विकत घ्यावा लागतो. दुसरा वर्ग खुल्या साधनांचा. 'ओपनबायबल' ह्या संकेतस्थळाने बायबलमधील स्थळांची सूची सर्वांना विनामूल्य दिली आहे. एका स्थळासाठी सुचविलेल्या निरनिराळ्या जागा आणि प्रत्येकीविषयी खात्री किती, हेही तीत नोंदविलेले असते. 'प्लेयाडीझ' ही प्राचीन ग्रीक-रोमन जगाची स्थळसूची प्राध्यापक व संशोधक मिळून वाढवीत आहेत. महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या खिशाला हा दुसरा वर्ग अधिक परवडतो आणि अभ्यासाच्या दृष्टीने तो कमी प्रतीचा मुळीच नाही.

संगणकावर मांडणी, मोबाइलवर फेरी

संगणक आणि मोबाइल ही दोन साधने एकमेकांची जागा घेत नाहीत. संगणकाचा पडदा मोठा असतो. त्यावर एका बाजूला ग्रंथ, दुसऱ्या बाजूला नकाशा ठेवता येतो, एकावर एक थर चढविता येतात, अंतरे मोजता येतात. मोबाइल वर्गात, ग्रंथालयात, प्रवासात जवळ असतो; पण त्याच्या लहान पडद्यावर एका वेळी एकच गाव नीट दिसते आणि शेजारची गावे दिसेनाशी होतात. शेजार दिसला नाही तर भूगोल कळत नाही. म्हणून मांडणी संगणकावर करावी आणि उजळणी मोबाइलवर, हा क्रम उत्तम.

हे करण्याचा सोपा मार्ग असा. संगणकावर 'गूगल अर्थ प्रो' ही प्रणाली विनामूल्य घ्यावी. 'ओपनबायबल'वरून हव्या त्या पुस्तकाची अगर अध्यायाची 'केएमएल' प्रकारची फाइल उतरवून तीत उघडावी. त्या अध्यायातील सर्व स्थळे एकदम नकाशावर येतात. त्यांत आपल्या खुणा, टिपा व वाटा घालून ती फाइल पुन्हा साठवावी आणि स्वतःच्या मोबाइलवर पाठवावी. मोबाइलमधील 'गूगल अर्थ' तीच फाइल उघडते. नकाशाची भाषा एक असल्यामुळे यंत्र बदलले तरी काम वाया जात नाही. विकतच्या प्रणालींत आपल्या टिपा खात्यामार्फत एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातात. मात्र संगणकावरील आवृत्तीत असलेली सगळीच साधने मोबाइलच्या आवृत्तीत असतात असे नाही. तेव्हा घेण्यापूर्वी ते पाहून घ्यावे.

स्वतः सूची तयार करणाऱ्याने एक खाचखळगा ध्यानात ठेवावा. बोलताना आपण आधी अक्षांश सांगतो, मग रेखांश. 'केएमएल' फाइलमध्ये मात्र आधी रेखांश, मग अक्षांश लिहावा लागतो. यरुशलेमचे अक्षांश सुमारे ३१.७८ उत्तर आणि रेखांश ३५.२३ पूर्व आहेत. ह्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तर यरुशलेम सायप्रस बेटाच्या पश्चिमेस भूमध्य समुद्रात जाऊन पडते! यंत्र काही तक्रार करीत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही आकडे सारखेच बरोबर असतात.

यरीहोची उतरण

डिजिटल नकाशा ग्रंथाच्या अर्थात खरोखर भर कशी घालतो, ह्याचे एक उदाहरण पाहू. लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. यरुशलेमहून यरीहोला 'खाली' जाणारा एक प्रवासी लुटारूंच्या हाती सापडतो. हा 'खाली' शब्द आपण सहज वाचून जातो. संगणकावर ह्या दोन ठिकाणांमध्ये रेषा ओढून चढउताराचा आलेख काढावा. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या आसपास उंच. यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे अडीचशे मीटर खाली. सरळ रेषेत अंतर सुमारे २२ किलोमीटर आणि तेवढ्यात उतरण हजार मीटरांची! आपला खंडाळ्याचा घाट ह्याच्या निम्म्याच उंचीचा भरेल. उपग्रहचित्रात ह्या वाटेवर हिरवळ जवळजवळ दिसत नाही. उघडे डोंगर आणि खोल घळी दिसतात. लुटारूंना ही वाट का सोयीची होती आणि जखमी माणसाला तेथे सोडून जाणे म्हणजे काय, हे त्या आलेखावरून एकदम स्पष्ट होते.

येथेच एक बारकावा सांगितला पाहिजे. नकाशावर 'यरीहो' ह्या नावाची टाचणी बहुधा 'तेल अस्-सुलतान' ह्या प्राचीन टेकाडावर असते. कॅथलीन केनियन ह्यांनी १९५२ ते १९५८ ह्या काळात जेथे प्रसिद्ध उत्खनन केले, ते हेच टेकाड. हेरोद राजाच्या काळचे, म्हणजे शुभवर्तमानांच्या काळाला लागून असलेले, राजवाड्यांचे यरीहो मात्र तेथून सुमारे दोन किलोमीटर नैर्ऋत्येस होते. नाव एक, पण काळ बदलला की जागा सरकते. ज्या नकाशात काळ निवडण्याची सोय नसते, तो नकाशा हजार वर्षांची गावे एकाच दिवशी वसलेली दाखवितो.

अम्माऊसची टाचणी

आता ह्या लेखाच्या शीर्षकातील गावाकडे वळू. लूकच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थानाच्या दिवशी दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस नावाच्या गावी चाललेले असतात. वाटेत येशू त्यांना भेटतो, पण ते त्याला ओळखीत नाहीत. मुक्कामी भाकर मोडताना त्यांना ओळख पटते आणि ते त्याच रात्री यरुशलेमला परत येतात. गावाचे अंतर ग्रंथात दिलेले आहे : साठ स्तादिया. एक स्तादियोन सुमारे १८५ मीटरांचा धरला, तर हे अंतर ११ किलोमीटर होते.

एवढे असूनही गाव कोणते, हे ठरत नाही. काही जुन्या हस्तलिखितांत, आणि त्यांत ४थ्या शतकातील सुप्रसिद्ध सिनाई हस्तलिखितही आहे, साठऐवजी एकशेसाठ हा आकडा आहे. तो धरला तर अंतर जवळजवळ ३० किलोमीटर भरते आणि तेथे 'इम्वास' नावाचे गाव होते. नाव थेट जुळते. युसीबियस आणि जेरोम ह्यांचाही कौल त्यालाच होता. पण मग ते दोघे शिष्य एवढे अंतर चालून गेल्यावर त्याच रात्री तेवढेच परत कसे आले, हा आक्षेप उभा राहतो. साठ स्तादियांच्या हिशेबाने अल्-कुबैबा आणि अबू घोश ही गावे पुढे येतात. त्यांपैकी अबू घोशला १२व्या शतकात क्रुसेडच्या लोकांनी अम्माऊस मानले होते. योसेफस हा इतिहासकार यरुशलेमपासून तीस स्तादियांवरच्या एका अम्माऊसचा उल्लेख करतो. तेथे रोमन सैनिकांची वसाहत झाली होती. यरुशलेमच्या पश्चिमेस कालोनिया नावाचे गाव होते आणि त्या नावात 'वसाहत' ह्या अर्थाचा लॅटिन शब्द टिकून राहिला होता. जाऊन-येऊन साठ स्तादिया, असा अर्थ घेणारे ह्या जागेचा पक्ष घेतात.

म्हणजे एक गाव आणि निदान चार जागा. आता मोबाइलवरचा एखादा साधा नकाशा उघडून पाहावा. तेथे अम्माऊस एकाच जागी, एकाच टाचणीने दाखविलेले आढळण्याचा संभव पुष्कळ. त्या टाचणीचे अक्षांश दशांशचिन्हापुढे सहा आकड्यांपर्यंत दिलेले असतात. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा सहावा आकडा सुमारे अकरा सेंटिमीटरांचा हिशेब सांगतो. पंडितांचे मतभेद सहा किलोमीटर की तीस किलोमीटर ह्याविषयी, आणि यंत्र बोलते सेंटिमीटरांत! आकड्यांची ही बारीकी ज्ञानाची बारीकी नव्हे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ह्याविषयी सतत सावध असावे.

ह्या प्रकरणाला आणखी एक बाजू आहे. शेकडो वर्षे 'अम्माऊस' हे नाव तोंडात जपून ठेवणारे इम्वास गाव आज अस्तित्वात नाही. १९६७च्या जूनमधील युद्धात इस्रायली सैन्याने तेथील रहिवाशांना बाहेर काढले आणि शेजारच्या दोन गावांबरोबर ते जमीनदोस्त केले. पुढे त्या परिसरात 'कॅनडा पार्क' नावाचे उद्यान करण्यात आले. कालोनिया गावही १९४८च्या युद्धात ओस पडले. रॉबिन्सनची सारी पद्धत गावकऱ्यांच्या स्मरणावर उभी होती. ज्या लोकांनी ती नावे जिवंत ठेवली, त्यांतील पुष्कळांची गावे आजच्या उपग्रहचित्रात दिसत नाहीत. फक्त प्राचीन नावे व आजची छायाचित्रे जोडणारा नकाशा ह्या दोहोंमधली जवळजवळ दोन हजार वर्षे, आणि त्या वर्षांत तेथे राहिलेली माणसे, गाळून टाकतो. 'पॅलेस्टाइन ओपन मॅप्स' ह्या २०१८ साली सुरू झालेल्या साधनात ब्रिटिश अमदानीतील जुने नकाशे आजच्या नकाशावर ठेवून पाहता येतात. बायबलचा नकाशा आणि हा नकाशा शेजारी उघडून पाहावेत. अम्माऊसच्या प्रश्नाचे गांभीर्य त्यावाचून समजणार नाही.

उपग्रहाचा डोळा

छायाचित्र खोटे बोलत नाही, असे आपण मानतो. पण उपग्रहाचे छायाचित्र केवळ आजची भूमी दाखविते. मृत समुद्राची पातळी २०व्या शतकाच्या आरंभी समुद्रसपाटीच्या खाली सुमारे ३९० मीटर होती. आज ती ४३० मीटरांच्याही खाली गेली असून वर्षाला सुमारे एक मीटर ह्या गतीने उतरत आहे. यार्देनचे पाणी वरच्या वर उचलले जाते, हे त्याचे मुख्य कारण. त्याचा दक्षिणेकडील भाग तर मूळ समुद्रापासून तुटला असून तेथे पोटॅशसाठी मिठागरांसारखे वाफे केले आहेत. ते वाफे पाहून कोणी प्राचीन किनारा आखू लागला, तर तो फसेल. गालीलच्या उत्तरेस हूला नावाचे सरोवर व दलदल होती. १९५०नंतरच्या दशकात ती उपसून शेतीखाली आणली गेली. पुढे त्यातील थोडासाच भाग पुन्हा पाण्याखाली आणण्यात आला. जुन्या वाटा त्या दलदलीला वळसा का घालीत, हे आजच्या चित्रावरून कळणार नाही.

छायाचित्राची स्पष्टतादेखील निसर्गाने ठरविलेली नसते. अमेरिकेने १९९६ साली केलेल्या एका कायद्यामुळे तेथील खाजगी कंपन्यांना इस्रायलच्या प्रदेशाची फार बारीक तपशिलाची उपग्रहचित्रे प्रसिद्ध करण्यास मनाई होती. २०२० साली ती मर्यादा बरीच सैल झाली. अनेक वर्षे हा मुलूख पडद्यावर इतर देशांपेक्षा अस्पष्ट का दिसे, त्याचे उत्तर ह्या कायद्यात आहे.

वाटांविषयीही हेच म्हणता येईल. पौलाच्या रोमप्रवासाची डौलदार वळणाची रेषा प्रत्येक नकाशात असते. ग्रंथात मात्र सीदोन, मुर्या, मिलिता, सुराकूस अशी बंदरांची नावे आणि काही वाऱ्यांचे वर्णन आहे. मधली रेषा चित्रकाराच्या अगर संगणकाच्या अनुमानाची. त्या अनुमानाला आधार हवा असेल, तर स्टॅनफर्ड विद्यापीठाचे २०१२ सालचे 'ऑर्बिस' हे साधन पाहावे. रोमन जगातील दोन ठिकाणांमध्ये जमिनीने वा समुद्राने, उन्हाळ्यात वा हिवाळ्यात, किती दिवस लागत व खर्च किती येई, ह्याचा हिशेब ते मांडते. त्याचा आराखडा इ. स. २००च्या सुमाराचा आहे. तरी हिवाळा तोंडावर आला असता जहाज पुढे न्यावे की नाही, ह्याविषयी पौलाच्या जहाजावर झालेला वाद त्यामुळे चांगला उमगतो. हे साधन मोबाइलपेक्षा संगणकाच्या मोठ्या पडद्यावरच वापरावे.

मराठी वाचकाची अडचण

आपल्यापुढे एक स्वतंत्र अडचण उभी राहते, ती नावांची. १६१६ साली गोमंतकात फादर स्टीफन्स ह्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले, तेव्हापासून ही नावे मराठीत आहेत. परंतु ती कधी पोर्तुगीजमार्गे, कधी इंग्रजीमार्गे, तर कधी हिब्रू-ग्रीकवरून आली. म्हणून वर्तमानपत्रात 'जेरुसलेम' आणि बायबलमध्ये 'यरुशलेम'; भूगोलात 'जॉर्डन' आणि बायबलमध्ये 'यार्देन'. डिजिटल नकाशांच्या सूच्या बहुधा इंग्रजीत असल्यामुळे 'यरीहो' शोधून हाती काही लागत नाही. ह्यावर उपाय सोपा आहे : नाव न शोधता संदर्भ शोधावा. लूक २४:१३ हा संदर्भ कोणत्याही भाषेतील बायबलात त्याच जागी असतो. तेथून नकाशावर जावे, आणि आपल्या फाइलमध्ये टाचणीला मराठी नाव स्वतः द्यावे. असे एकेका अध्यायाचे काम वर्गातील मुलामुलींनी वाटून घेतले, तर काही वर्षांत मराठी स्थळसूची तयार होऊ शकेल. हे काम कोणा मोठ्या संस्थेवाचून अडलेले नाही.

मराठीचा आणि त्या भूमीचा संबंध केवळ पुस्तकी आहे असेही नाही. कोकणातून इस्रायलला गेलेले बेने इस्रायली मराठी बोलत तेथे वसले. त्यांतील काही जण लोद ह्या शहरात राहतात. हे लोद जुन्या करारात आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र जेथे जातो ते लोदही हेच. ग्रीकांनी त्याला लुद्दा म्हटले, रोमनांनी दियोस्पोलिस असे नाव दिले, अरबांनी लुद्द म्हटले आणि आज ते पुन्हा लोद झाले आहे. एका टाचणीखाली इतकी नावे आणि इतके लोक असतात.

वापरणाऱ्यासाठी चार सूचना

पहिली सूचना : टाचणीवर बोट टेकल्यावर तिच्यामागची नोंद उघडावी. जागा निश्चित आहे, संभाव्य आहे की केवळ परंपरेने मानलेली आहे, हे पाहावे. ज्या साधनात अशी नोंदच नाही, त्यावर निबंध आधारू नये. दुसरी : एकाच स्थळासाठी निदान दोन साधने पडताळावीत. दोन्हींची मूळ सूची एकच असेल, तर ती एकच साक्ष समजावी. तिसरी : नकाशा कोणत्या काळाचा, हे आधी विचारावे. चौथी : आपल्या फाइलमध्ये शंकास्पद जागांना वेगळा रंग द्यावा आणि नावापुढे प्रश्नचिन्ह लिहावे. संगणकावरून मोबाइलवर फाइल जाताना टीप दिसली नाही तरी नावातील प्रश्नचिन्ह गळत नाही.

पाठीमागच्या पानांवरचे ते चार-सहा नकाशे आता आपल्या खिशात आले आहेत, आणि त्यांत आपल्याला स्वतःला लिहिता येते. युसीबियसला हजार नोंदींसाठी इतरांच्या वृत्तांतांवर आणि रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांवर विसंबावे लागले असेल. रॉबिन्सनला उंटावरून महिनोन् महिने हिंडावे लागले. आपल्याला संध्याकाळचा एक तास पुरतो. तो तास अम्माऊससाठी द्यावा, चारही जागी चार टाचण्या रोवाव्यात, प्रत्येकीखाली तिच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा दोन-दोन ओळींत लिहावा, आणि इम्वासच्या टाचणीखाली १९६७ हे सालही नोंदवावे. मग तो नकाशा आपल्या प्राध्यापकांना दाखवावा. वाद होईल, आणि तो व्हावा हेच बरे.